फायबर वाढवलं आणि पोट आणखी बिघडलं, असं का होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर कळेल. वय ३१, बार्शीचे, सध्या पुण्यात आयटीत. दोन वर्षांपासून पोट नीट साफ होत नाही. तीन महिन्यांपूर्वी व्हिडिओ बघून 'फायबर वाढवायचं' ठरवलं. सकाळी ओट्स, त्यात चिया आणि जवस. दुपारी डबाभर कच्चं सॅलड आणि मोड आलेले मूग. पोळीच्या कणकेत गव्हाचा कोंडा. रात्री दोन चमचे इसबगोल. आता पोट ढोलासारखं फुगतं, दिवसभर गॅस, आणि सकाळी मोबाईल घेऊन पाऊण तास बसूनही 'अजून राहिलंय' असं वाटतं. खडा झाला की एखाद वेळी रक्ताचा थेंबही दिसतो. आणि प्रश्न असा की फायबर आणखी वाढवू की बंद करू? शेवटच्या ओळीत आईंबद्दल विचारलंय, त्याकडे शेवटीच येतो.

सोलापुरात पोटविकारांची प्रॅक्टिस करून मला २६ वर्षं झाली. 'डॉक्टर, सगळं करून बघितलं' म्हणत येणाऱ्यांत हल्ली तुमच्यासारखे बरेच असतात. त्यांनी आळस केलेला नसतो, उलट उत्साह जास्त झालेला असतो. माझं थोडक्यात मत असं, की तुमचा प्रश्न फायबर कमी की जास्त हा नाहीच. कुठलं फायबर, किती वेगानं वाढवलं, आणि मुळात अडतंय कुठे, हा आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय तिसऱ्याचं उत्तर मला देता येणार नाही. पण तुमच्या वर्णनातली दोन वाक्यं मला बरंच सांगून गेली.

आधी फायबरबद्दल. आपल्याकडे याला चोथा म्हणायची पद्धत आहे आणि त्या शब्दानंच अर्धा घोटाळा केलाय. चोथा म्हटलं की डोळ्यांसमोर झाडू येतो. आत गेला, सगळं झाडून काढलं, बाहेर आला. प्रत्यक्षात फायबर म्हणजे एक वस्तू नव्हे. माझ्या टेबलावर पेशंटला दाखवायला मी दोन काचेचे ग्लास ठेवतो. एकात चमचाभर इसबगोल, दुसऱ्यात चमचाभर गव्हाचा कोंडा, दोन्हींत सारखं पाणी. पेशंटची हकीकत ऐकून होईपर्यंत, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत, इसबगोलाच्या ग्लासात साबुदाण्याच्या खिरीसारखा लगदा होतो, चमचा उभा राहील असा. कोंडा मात्र तळाशी बसलेला आणि वर पाणी जसंच्या तसं. हे बघितल्यावर पुढचं समजावून सांगायला मला दोनच मिनिटं लागतात.

इसबगोल पाणी धरून ठेवतं आणि आतड्यातले जंतू ते फारसं फोडत नाहीत, म्हणून ते शेवटपर्यंत ओलसर लगदा म्हणूनच राहतं. मल कडक असेल तर मऊ करतं, पातळ असेल तर घट्ट करतं. जुलाबात दह्यातून आणि बद्धकोष्ठात कोमट पाण्यातून इसबगोल देणारी आजी विसंगत काही करत नव्हती. कोंड्याचं काम वेगळं. तो पाणी धरत नाही. त्याचे खरखरीत कण मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला टोचतात, मग अस्तर पाणी आणि चिकट स्राव सोडतं आणि मल पुढे सरकतो. १९८८ साली ब्रिटनमध्ये दोन संशोधकांनी कोंड्याच्या कणांएवढे प्लास्टिकचे तुकडे लोकांना खायला घालून पाहिले, तरी मल वाढला. म्हणजे यात पोषणाचा काही संबंध नाही, नुसतं टोचणं आहे. आता हाच कोंडा गिरणीत बारीक दळून कणकेत मिसळला की टोचायलाही काही उरत नाही. उलट मल कोरडा आणि घट्ट होऊ शकतो. तुम्ही नेमकं हेच केलंय.

तिसरा प्रकार जंतूंच्या आवडीचा. कडधान्यं, कांदा, लसूण, गहू, ओट्स यांत असे तंतू आणि साखरा असतात ज्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जंतू त्या आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, मोठ्या आतड्याच्या पेशी त्यांच्यावरच जगतात, म्हणून हे खाणं वाईट मुळीच नाही. पण आंबवलं की गॅस होणारच. इडलीचं पीठ रात्रभर फुगतं तसं. जंतूंना नव्या खाद्याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. तुम्ही एका सोमवारी पाच गोष्टी एकदम सुरू केल्यात, मग पोटाचा ढोल झाला तर नवल काय?

कच्च्या मोडांबद्दल एक शब्द. मोड आणल्यानं गॅस करणाऱ्या साखरा कमी होतात हे खरं, पण आपली माणसं मटकीला मोड आणून थांबत नव्हती. पाणी ओतून टाकायची, उसळ शिजवायची, हिंग-जिऱ्याची फोडणी द्यायची. डबाभर कच्चे मूग चावून खाणं ही जिममधून आलेली पद्धत. ज्याला सोसतं त्यानं खुशाल खावं, तुम्हाला सोसत नाहीये.

फायबरची ही सगळी कीर्ती मुळात १९७०च्या दशकातली. डेनिस बर्किट नावाचे आयरिश सर्जन युगांडात वर्षानुवर्षं काम करत होते. तिथल्या खेड्यांत लोकांचा मल भरपूर आणि मऊ असतो, खाल्लेलं लवकर बाहेर पडतं आणि इंग्लंडमध्ये घरोघर दिसणारे आतड्याचे विकार तिथे क्वचितच दिसतात, असं त्यांनी मोजून मांडलं. त्यातून 'कोंडा खा' ही लाट आली आणि जगभरच्या डॉक्टरांनी ती चिठ्ठीवर उतरवली. मीही त्यातलाच. सुरुवातीची आठ-दहा वर्षं कुठल्याही बद्धकोष्ठाला मी डोळे मिटून 'सॅलड, कोंडा, भरपूर पाणी' लिहीत होतो. तोपर्यंत मँचेस्टरच्या डॉक्टरांचं काम छापून येऊन बराच काळ लोटला होता. १९९४ साली त्यांनी संवेदनशील आतड्याच्या, म्हणजे आयबीएसच्या, १०० पेशंटना कोंड्याबद्दल विचारलं तर ५५ जणांनी त्रास वाढला म्हणून सांगितलं, बरं वाटलं फक्त १० जणांना. मी ते वाचलं उशिरा. माझ्या चिठ्ठीनं पोट फुगलेल्या किती जणांनी पुन्हा तोंड दाखवलं नाही, कोण जाणे.

आता तुमची ती दोन वाक्यं. एक, 'पाऊण तास बसावं लागतं'. दुसरं, 'अजून राहिलंय असं वाटतं'. बद्धकोष्ठाचे ढोबळमानानं दोन प्रकार. एकात माल आतूनच सावकाश येतो. आतड्याची चाल मंद, चार-चार दिवस वेगच नाही. दुसऱ्यात माल दारापर्यंत वेळेवर येतो, पण दार उघडत नाही. गुदद्वाराशी एक स्नायू मल धरून ठेवायला कायम आवळलेला असतो, तो कुंथताना सैल पडायला हवा. काही जणांत तो सैल पडायच्या ऐवजी आणखी आवळतो. माणूस वरून जोर लावतो आणि खालून स्वतःच दार ओढून धरतो. त्याला हे कळत नाही, आणि मुद्दाम तर तो करत नसतोच. अशा माणसाला फायबर वाढवून देणं म्हणजे एसटी स्टँडचं फाटक बंद असताना आत गाड्या सोडत राहणं. तुमचं असंच आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. शंका दाट आहे, एवढंच.

घरी करता येईल अशी एक चाचणी सांगतो. संध्याकाळी मक्याचं एक कणीस उकडून खा, दाणे जरा कमीच चावा, आणि वेळ लिहून ठेवा. दाण्याची साल पचत नाही, ती ओळखू येईल अशीच बाहेर पडते. चाचणीच्या त्या दोन-तीन दिवसांत दुसरा मका नको. एक-दीड दिवसात दाणे दिसले तर आतड्याची चाल ठीक आहे आणि अडचण दाराशी आहे असं समजायला जागा आहे. तीन दिवस उलटले तरी पत्ता नसेल तर चाल मंद. ही काही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, पण 'मला फायबर कमी पडतंय' या अंदाजापेक्षा बरी.

दवाखान्यातली तपासणीही सोपी आहे, लाज सोडली तर. कुशीवर झोपवून डॉक्टर बोटानं तपासतात आणि 'शौचाला बसल्यासारखा जोर लावा' म्हणतात. बोटाभोवतीची पकड सैल झाली की आवळली, ते तिथेच कळतं. त्याच वेळी फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर, आहे का, मूळव्याध आहे का, हेही दिसतं. तुम्हाला रक्ताचा थेंब दिसतोय म्हणजे ही तपासणी तशीही टाळू नका. कडक खड्यानं चीर पडणं हेच सर्वांत संभाव्य कारण आहे. पण चीर असली की दुखतं, दुखतं म्हणून माणूस वेग दाबतो, दाबला की मल आणखी सुकतो आणि पुढच्या वेळी चीर आणखी उघडते. हे चक्र ओट्सनं तुटत नाही, मलम आणि मल मऊ करणाऱ्या औषधानं तुटतं.

दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या होत्या, शाळेत शिक्षिका. रोज रात्री चूर्ण, सकाळी लिंबूपाणी, सगळं पथ्य वहीत लिहिलेलं. बोलता बोलता कळलं की शाळेतल्या बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. घरून सकाळी साडेसहाला निघायचं आणि दुपारपर्यंत वेग दाबायचा, असं ११ वर्षं. आतड्याला जेवणानंतर आणि झोपेतून उठल्यावर आपसूक हालचाल होते, चहा किंवा नाश्त्यानंतर अर्ध्या तासात ती सर्वांत जोरात असते. ती वेळ रोज चुकवली की हळूहळू निरोप येणंच बंद होतं. तुम्ही सातची कंपनीची बस पकडता असं लिहिलंय, म्हणून हे सांगितलं. त्या बाईंना मी खाणं काहीच बदलायला सांगितलं नाही. अर्धा तास लवकर उठा, चहा घ्या, खाली पाट घेऊन बसा, इतकंच सांगितलं. त्यांनी स्वतः एक कडीही बसवून घेतली. चूर्ण सुटायला चार महिने लागले.

तर तुम्ही काय करायचं? पहिले दोन आठवडे माघार घ्या. कोंडा, चिया, कच्चं सॅलड, कच्चे मोड बंद. जवस चटणीपुरतं. इसबगोलही तूर्त बाजूला ठेवा. मुगाच्या डाळीची खिचडी, ज्वारीची भाकरी, शिजवलेला दुधी, दोडका, लाल भोपळा, पिकलेली पपई, दूध-ताक सोसत असेल तर ताक. लोक विचारतात, भाकरीत फायबर नाही का? आहे की, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम. पण ते तुमच्या पोटाच्या लहानपणापासून ओळखीचं आहे. आत खडा साठला असेल तर डॉक्टर काही दिवस पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्टुलोज देतील. ती घ्यायला संकोच करू नका. लॅक्टुलोजनं गॅस होतो, म्हणून फुगणाऱ्या पोटाला मी पावडर पसंत करतो.

पोट उतरलं की मग इसबगोल, तेही अर्ध्या चमच्यापासून. आठवडाभर थांबायचं, मग एक चमचा, पुन्हा थांबायचं. पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि वर आणखी अर्धा ग्लास पाणी. कोरडं तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणारे मी पाहिलेत. ते अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतं. झोपण्याच्या अगदी तोंडावर नको, आणि थायरॉइड वगैरेची गोळी असेल तर तिच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून काल घेतलं आणि आज झालं नाही म्हणून आज दुप्पट, असं करू नका.

शेवटी पोचायचं कुठे? २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाचं साधारण ३० ग्रॅम फायबर पुरेसं आहे, आणि त्यासाठी परदेशी बिया लागत नाहीत. एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांत १२ ग्रॅम आले. वाटीभर मटकीच्या उसळीत चार-पाच. दोन वाट्या भाजीत पाच-सहा. एका मध्यम पेरूत आठेक. झाले ३०. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात १०० ग्रॅमला जेमतेम तीन असतात. बार्शी सोडून पुण्यात राहायला आल्यावर दोन भाकऱ्यांची जागा भात आणि ब्रेडनं घेतली असेल तर तुमच्या दोन वर्षांचा थोडा हिशोब तिथेच लागतो. आमच्याकडची कडक भाकरी चालेल का असंही काही जण विचारतात. चालेल, पण आमटीत कुस्करून. नुसती कुडुमकुडुम खाल्लीत तर पाणी तुम्हालाच प्यावं लागेल.

पाण्याबद्दल जाता जाता. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील एवढं प्या. त्यावर आणखी तीन लिटर ओतल्यानं मल मऊ होत नाही, फक्त लघवी वाढते.

बसण्याची पद्धत तुमच्यासाठी औषधाइतकी महत्त्वाची आहे. कमोड असेल तर पायाखाली आठ-नऊ इंचांचा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, पुढे झुकून कोपरं मांडीवर टेका. श्वास कोंडून कुंथू नका. पोट सैल सोडून पुढे येऊ द्या आणि आरशावर वाफ काढतो तसा 'हा' करत श्वास सोडा. पाच-सात मिनिटांत झालं तर झालं, नाहीतर उठा. उरलेलं उद्या येईल. 'अजून राहिलंय' ही भावना पुष्कळदा आवळलेल्या स्नायूची आणि सुजलेल्या अस्तराची असते, आत काहीही नसतं. मोबाईल बाहेर ठेवा. मोबाईलमुळे तुम्ही बसून राहता, आणि बसून राहिल्यानं मूळव्याध फुगतात. एवढं करूनही दार उघडत नसेल तर मोठ्या रुग्णालयांत बायोफीडबॅक नावाचा प्रशिक्षणाचा उपचार मिळतो. तो स्नायू सैल कसा सोडायचा ते पडद्यावर बघून शिकवतात. पाच-सहा बैठका लागतात. अशा पेशंटना गोळ्यांपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो, पण त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

रोज एकदा झालंच पाहिजे हा हट्टही सोडा. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही स्वाभाविक असू शकतं. मी दिवस मोजण्यापेक्षा आकार विचारतो. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली मलाचे सात प्रकार चित्रांसकट मांडले. पहिला बकरीच्या लेंड्यांसारखा, सातवा नुसतं पाणी. तिसरा-चौथा, म्हणजे केळ्यासारखा मऊ, असेल आणि जोर लागत नसेल तर तुमचं पोट ठीक आहे, मग ते एक दिवसाआड का असेना.

तपासणी लांबवू नये अशा गोष्टी वेगळ्या. कारण नसताना वजन उतरणं, रक्त वारंवार किंवा मलात मिसळून पडणं, हिमोग्लोबिन घटणं, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणं. पोट फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील तर तडक रुग्णालय, आणि तेव्हा इसबगोल-चूर्ण काहीच तोंडात नको. यातलं तुम्ही काही लिहिलेलं नाही. तरी थायरॉइड आणि साखर एकदा बघून घ्या.

आता आई. वय ६२, वीस वर्षं रोज सोनामुखीचं चूर्ण, आणि 'आतडी खराब होतील म्हणून बंद करायला लावू का' असं विचारलंय. एकदम बंद करू नका, चार दिवसांत त्या बेजार होतील आणि पुन्हा तुमचं ऐकणार नाहीत. सोनामुखीनं आतड्याचं अस्तर काळपट होतं, दुर्बिणीत ते दिसतं, पण तो रंग स्वतः धोक्याचा नाही. चूर्णाला हात लावण्याआधी त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघा. लोह, कॅल्शियम, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, यांतल्या प्रत्येकीनं बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि या वयाच्या बायकांच्या डब्यात बहुतेकदा दोन-तीन तरी असतात. डॉक्टरांना डबाच दाखवा, नावं सांगत बसू नका. मशेरी लावत असतील तर तेही सांगा, कारण मशेरी लावल्याशिवाय पोट हलत नाही अशी सवय झालेल्या खूप जणी असतात आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. त्यानंतर डॉक्टरांना विचारून वर सांगितलेली पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरू करून चूर्ण आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं हळूहळू कमी करता येतं. मात्र वीस वर्षांची सवय गेल्या चार-सहा महिन्यांत बदलली असेल, चूर्ण पुरेनासं झालं असेल किंवा मल अचानक बारीक येत असेल, तर आधी हिमोग्लोबिन आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, चूर्णाचा विषय नंतर. ते त्यांना फोनवर विचारू नका. दिवाळीला घरी जाल तेव्हा शेजारी बसून विचारा, नाहीतर 'माझं काही नाही, तू जेवलास का' एवढंच उत्तर मिळेल.